फॅमिलीच्या रांगेतल्या दोन खुर्च्या

फिनबार जेवायला आला की पहिली दहा मिनिटं आमच्याकडे कुणालाच जेवता येत नसे. आमटीची वाटी गोलकीपर, लिंबाच्या दोन फोडी बचावाला, आणि मटारचा दाणा घेऊन तो आयर्लंडसाठी मारलेला आपला एकुलता एक गोल ताटात पुन्हा मारी.

"प्रोफेसर, ती फोड खाऊ नकोस! तिच्यामुळे मी ऑफसाइड नव्हतो."

"फिनबार-सान, तुमचा गोलकीपर गार होतोय," माझी बायको सुधा म्हणे.

मी प्रोफेसर नव्हतो. टोकियोत साधा प्रोग्रॅमर होतो. नव्वदीतली गोष्ट. टोकियोला लागून असलेल्या ग्योतोकूत तो आमच्या वरच्या मजल्यावर एकटाच राही. बाप आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात बसड्रायव्हर. सोळाव्या वर्षी हा इंग्लंडला गेला, तिथे चार क्लब, देशासाठी सहा सामने, आणि गुडघा कुरकुरायला लागल्यावर जपानच्या नव्या लीगमध्ये. "थोडक्यात सांगतो" म्हणून हे चरित्र तो दीड तास सांगे. तीन वर्षांत त्या गोलचं अंतर बारा यार्डांवरून पस्तीसवर गेलं. मी शंका काढली, तर म्हणाला, "मैदान मोठं होतं."

हे सगळं हसत लिहितोय, पण मला कबुली द्यायची आहे.

त्याच्या शेवटच्या सामन्याची दोन तिकिटं तो घेऊन आला. खेळाडूंच्या फॅमिलीच्या रांगेतली. "ब्राझीलवाल्याची सासूसुद्धा येते," म्हणाला. "माझ्या खुर्च्या कायम रिकाम्या. येशील ना?"

"म्हणजे काय! येणारच," मी म्हणालो.

शनिवारी साहेबांनी रविवारी ऑफिसला बोलावलं. मला नाही म्हणता येईना. फिनबारला फोन करून सांगितलं, ताप आलाय.

"आता तुमच्या तापापायी मलाही घरी बसणं आलं," सुधा म्हणाली.

रविवारी संध्याकाळी मी सूट-टायमध्ये घरी पोचलो, तर दारात फिनबार. निरोपाची पार्टी सोडून आलेला. हातात कोनबिनीची, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाची पिशवी, त्यात संत्री आणि कपाळावर चिकटवायच्या तापाच्या गार पट्ट्या. त्याने माझा टाय पाहिला, बॅग पाहिली. सुधा दार उघडून उभी.

मग त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला.

"अजून आहे थोडा," तो सुधाला म्हणाला. "याला आज एकटं ठेवू नका. मी बसतो."

टायसकट मला अंथरुणात घातलं. कपाळावर पट्टी लावली. उशाशी बसून तो संत्रं सोलत राहिला, एकेक फोड मला देत राहिला. सामन्याचं काय झालं, हे त्याने सांगितलं नाही. मला विचारवलं नाही.