आठ वर्षं जपलेला बिघाड

नव्या मॅडमना येऊन तीन महिने झाले तरी त्यांनी कोणाला काही काम सांगितलं नव्हतं, त्यामुळे कार्यालयात त्यांच्याविषयी फार चांगलं मत होतं. सोमवारी सकाळी त्यांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं आणि निदान मामांचं मत तरी बदललं.

"मामा, आपल्या जीपचं फोर-व्हील कधीपासून बंद आहे?"

"आठ वर्षं होतील, मॅडम," मामांनी कौतुकाने सांगितलं.

"वरून पत्र आलंय. शनिवारी समिती येतेय. जी गाडी टेकडीवरच्या टाकीपर्यंत चढणार नाही ती भंगारात, आणि तिचा ड्रायव्हर बंदराच्या डेपोत."

"म्हणजे सहाशे किलोमीटर?"

"सहाशे वीस."

मामा म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयाचे ड्रायव्हर. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले साहेबही त्यांना मामाच म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. घर कार्यालयाच्या मागच्या गल्लीत. दुपारी गरम जेवण आणि त्यावर अर्ध्या तासाची डुलकी, जी कधीकधी चार वाजेपर्यंत लांबे. माणसाला आणखी काय लागतं?

"मी काही बंदरावर-बिंदरावर यायची नाही," मामींनी जेवताना निकाल देऊन टाकला. "तुम्हाला स्वयंपाक येतो का?"

"चहा येतो."

"मग प्या दोन वर्षं चहा."

मामा मात्र आतून निवांत होते. गाडीला काय झालंय हे अख्ख्या जगात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच केलं होतं.

टेकडीवर राखीव पाण्याची एक टाकी होती. कुठे आग-बिग लागली तर हाताशी पाणी असावं म्हणून बांधलेली. दर आठवड्याला वर जाऊन तिची पातळी मोजायचा नियम होता. सात किलोमीटर नुसते दगड आणि मुरूम. आठ वर्षांपूर्वी त्या रस्त्याने मामांची कंबर धरली, तेव्हा मामांनी कंबरेवर उपाय न करता गाडीवर केला. अंगणात गाडीखाली शिरून ट्रान्सफर केसच्या मोटरचा प्लग उपसून ठेवला.

ट्रान्सफर केस ही गिअरबॉक्सच्या मागची पेटी. इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना द्यायची की पुढच्यांनाही, हे ती बघते. ड्रायव्हरने बटण दाबायचं, वायरीने हुकूम न्यायचा आणि पेटीवरच्या छोट्या मोटरने आतला गिअर सरकवायचा. सगळं अगदी कार्यालयासारखंच, फक्त इथे काम होतं. मामांनी तेही थांबवलं. समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागला, "फोर-व्हील नादुरुस्त" अशी नोंद झाली आणि टेकडीवर जाणं कायमचं बंद पडलं. त्यानंतर हेडक्लार्क बाई दर आठवड्याला खुर्चीत बसूनच पातळी लिहीत, "समाधानकारक", आणि साहेब खाली सही करत. साहेब बदलले, बाईंचं पेन बदललं, पातळी काही बदलली नाही.

तर मामा जेवून आले, गाडीखाली शिरले, प्लग खट्टकन बसवला आणि मोठ्या रुबाबात बटण दाबलं. दिवा लुकलुकतच राहिला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"अगं, असं काय करतेस?" मामा कळवळून म्हणाले.

आठ वर्षं आजारपणाचं सोंग घेतलेली गाडी आता खरोखर आजारी होती, आणि डॉक्टरला खरं सांगायची सोय नव्हती.

मंगळवारी वायरिंगवाले काका आले. टेस्ट लॅम्प गळ्यात अडकवून सगळ्या गावात हिंडणारा आणि निदान चुकलं तर गाडीवर रागावणारा माणूस.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"कालपासून." आठ वर्षं म्हटलं असतं तर 'इतके दिवस झोपला होतात का?' असा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर 'हो' असं होतं.

"काल काय झालं?"

"काही नाही... धुतली."

"धुतली!" काकांनी कपाळावर हात मारला. "मग आणखी काय व्हायचं? पाणी गेलं आत!"

त्यांनी सीटा काढल्या, खालची मॅट उचकटली, फ्यूजपेटी उघडून उन्हात ठेवली. मंगळवार वाळवणात गेला. पाण्याचा थेंब निघाला नाही, त्याचा अर्थ काकांनी "बघा, वाळलं!" असा लावला. बुधवारी रिले बदलला, बटण बदललं. दिवा आपला लुकलुकतोच आहे.

मामांना राहवेना. "काका, जरा खाली बघायचं का? मोटरच्या प्लगपाशी?"

"वायरिंगवाले तुम्ही की मी?"

"तुम्हीच."

"मग? बिघाड परवाचा. प्लग असा एका दिवसात खराब होतो होय?"

काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. त्याच तिरीमिरीत काका आत गेले आणि गाडीचा कॉम्प्युटर गेलाय, नवा महिनाभर मिळायचा नाही, असं मॅडमना ठणकावून सांगून आले.

गुरुवारी मामांनी शेवटचा उपाय केला. आपली किल्ली गाडीखाली सरकवली आणि कंबर धरून उभे राहिले. "काका, तेवढी काढता का? मला वाकवत नाही."

काका कुरकुरत खाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"मामा," खालून आवाज आला, "या प्लगच्या पिनांना हिरवा कळंक चढलाय. हा काही वर्षं उघडा पडलेला होता. कोणी काढला?"

"उंदरानं काढला असेल."

"लॉक दाबून?"

"सरकारी उंदीर आहे. शिकलेला असेल."

"आणि परत लावला कोणी? त्यानंच?" काका बाहेर आले. "वीज खोटं बोलत नाही, मामा. माणसं बोलतात. दिवसभर मला वाळवण घालायला लावलंत तुम्ही!"

"काका, दोनच वर्षं राहिलीत हो," मामा काकुळतीला आले. "ही येणार नाही म्हणते. मला साधं अंडं उकडता येत नाही."

काका इतके संतापले की सरळ जाऊन मॅडमना सगळं सांगावं असं त्यांना वाटलं. पण कॉम्प्युटर गेल्याचं सांगून बसलेल्या माणसाने आता प्लगचं नाव कुठल्या तोंडाने काढायचं? त्यांनी दात-ओठ खात पिना घासल्या, प्लग बसवला, बटण दाबलं. खालून 'टर्रर्र, खट्' असा आवाज आला आणि दिवा स्थिर झाला. मग आत जाऊन त्यांनी मॅडमना गंभीरपणे सांगितलं, "कॉम्प्युटर वाचवला." मॅडमनी त्यांचे खास आभार मानले.

शुक्रवारी मॅडम स्वतः चाचणीला पुढच्या सीटवर बसल्या. गाडी न कुरकुरता टेकडी चढली. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी दोनदा उगाचच हॉर्न वाजवला. वर पोचल्यावर दोघं उतरली आणि टाकीत डोकावली.

टाकीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती. तळात धूळ. धुळीच्या मधोमध एक झाड, चांगलं पुरुषभर उंच, आणि त्यावर पाखरांचं घरटं.

मॅडमनी बोटांवर मोजलं. तीन महिने, बारा आठवडे, बारा सह्या.

"मामा, पाणी?"

"कागदावर असेल, मॅडम."

"उद्या समितीने हे पाहिलं तर?"

"तुम्ही, मी, बाई, सगळे घरी. माझं तर पेन्शनही जाईल."

"आणि गाडी चढलीच नाही तर?"

"मग फक्त मी. बंदरावर."

"बंदराची हवा चांगली असते म्हणे," मॅडम मायेने म्हणाल्या. "आणि ही गाडी बंद कशी पडते, ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

मॅडमनी सगळं ओळखलं होतं. मामांनी हिशोब केला. मामींशिवाय दोन वर्षं निघाली असती. पेन्शन घालवून मामींसमोर एक दिवस निघाला नसता.

"मॅडम, तुम्ही जरा तिकडे तोंड करा," ते म्हणाले, आणि तिथल्या तिथे गाडीखाली शिरून त्यांनी प्लग उपसला. दिवा पुन्हा लुकलुकू लागला. दोघं समाधानाने खाली आली. कार्यालयाच्या फरसबंद अंगणात वळताना स्टिअरिंग जड झालं, टायर किंचाळले. पण दुःखाने आपल्याच हातातलं बळ गेलं असणार, असं मामांना वाटलं.

शनिवारी समिती आली: एक वजनदार अध्यक्ष आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे दोन सदस्य.

"फार वाईट वाटतं, साहेब," मॅडम म्हणाल्या, "पण बिघाड गेलाच नाही. हा बघा दिवा."

"चढवून तर बघू," अध्यक्ष म्हणाले आणि पुढे बसले. मॅडम सदस्यांबरोबर मागे बसल्या.

पहिलाच चढ मुरमाचा. तिथे मागची चाकं जागच्या जागी फिरणार आणि गाडी बसणार, हे ठरलेलं. मामांनी डोळ्यांत पाणी आणून गाडी चढाला घातली. गाडी तुरुतुरु चढली.

झालं होतं असं, की मोटर लागते ती फक्त गिअर सरकवायला. प्लग काढला की पेटी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत अडकते. आठ वर्षांपूर्वी मामांनी प्लग काढला तो अंगणात, दोन चाकांवर. काल काढला तो टेकडीच्या माथ्यावर, चारही चाकं जोडलेली असताना. आता दिवा बिचारा बोंबलत होता आणि गाडी चढत होती.

मामांनी मुद्दाम मोठे दगड शोधून काढले. गाडी त्यांवरून गेली. घसाऱ्यात घातली. तिथूनही निघाली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिने मन लावून नोकरी करायची ठरवली होती.

"वा!" अध्यक्षांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. "दिव्याचं काय घेऊन बसलात, मॅडम? बिघडलेली गाडी जो अशी चढवतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. असा माणूस बंदरावर पाठवायचा? लिहून घ्या हो, यांची बदली रद्द. निवृत्त होईपर्यंत इथेच."

सदस्यांनी मान डोलावत लिहून घेतलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते.

"टाकी अजून किती लांब आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोन वळणं, साहेब," मामा म्हणाले. "त्याआधी एक विनंती होती. मला बंदरावरच पाठवा. आजच्या आज."