उत्थान नोंदवही

आमच्या जिल्हा जुने दस्तऐवज कार्यालयात एकूण छत्तीस पदे मंजूर आहेत. त्यांपैकी चौतीस कर्मचारी बसलेले असतात. उरलेली दोन पदे रिक्त आहेत.

या परिस्थितीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पूर्वी एखादं जुनं खरेदीखत हवं असलं की अंगण ओलांडून मागच्या इमारतीत जावं लागे, जिना चढावा लागे, गाठोडं सोडून धूळ झटकावी लागे. मग संगणक आले आणि सगळं बसल्या जागी होऊ लागलं. प्रगती म्हणतात ती हीच, असं आम्ही समजत होतो. यंदा दुर्गापूजेच्या सुट्टीआधी आरोग्य शिबिर भरलं. डॉक्टरबाईंनी एकेकाच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. एकवीस जणांच्या सुजलेल्या पायावर खड्डा तसाच राहिला. माझ्या पायावरचा तर त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवला.

"दर अर्ध्या तासानं उठा आणि तीन मिनिटं चाला. औषध नको, काही नको," त्या म्हणाल्या.

इतकी सोपी गोष्ट सरकारी कार्यालयात करायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर बैठक झाली. ती साडेतीन तास चालली आणि त्या काळात कोणीही उठलं नाही. शेवटी उपसंचालक गुहठाकुरता साहेब म्हणाले, "लाहिडीबाबू, नियम करायला तुमच्यासारखा माणूस नाही. आजपासून तुम्ही उत्थान अधिकारी."

मी लगेच हो म्हटलं. त्याला माझं एक कारण होतं. ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

इथं बंगालात, आमच्या बहरमपुरात, हिवाळ्यात सूर्य कार्यालयापेक्षा आधी सुटतो. तो पाचच्या आत मावळतो, आम्ही साडेपाचला. माझी बायको निभा हिवाळ्यात रोज सव्वाचारला माझ्या खिडकीशी यायची. पायात चपला, हातात फुलाफुलांची छत्री. गजांतून म्हणायची, "येताय का हो? गंगेवर ऊन काय सुंदर पडलंय." मी म्हणायचो, "आज नको, काम आहे. उद्या." ती म्हणायची, "बरं." हे एकतीस हिवाळे चाललं. बत्तिसाव्या हिवाळ्यात, बारा डिसेंबरला, आठ दिवसांच्या तापानं ती गेली. आता मला फक्त एवढंच हवं होतं, की या बारा डिसेंबरला सूर्य बुडायच्या आत आपण घाटावर पोचावं. उत्थान अधिकारी झालो तर कार्यालयातून उठणं हेच आपलं काम होईल, असा माझा हिशोब होता.

नियम मीच लिहिले. चांगले लिहिले, असं सगळे म्हणाले. कलम एक: प्रत्येक कर्मचाऱ्याने दर अर्ध्या तासाने तीन मिनिटांचे उत्थान करावे. कलम दोन: जागा सोडण्यापूर्वी उत्थान नोंदवहीत नाव, वेळ, कारण व दिशा लिहून सही करावी. कलम तीन: नोंद आधी, उठणे नंतर. हे तिसरं कलम लिहिताना मला विशेष समाधान वाटलं होतं. खाली मी दोन रेघाही मारल्या.

पहिल्याच दिवशी आवक विभागातल्या झर्नादींनी जागेवरूनच हाक मारली. झर्नादी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण सगळ्या कार्यालयाच्या दीदी. "लाहिडीदा, वही कुठंय?"

"माझ्या टेबलावर."

"म्हणजे नोंद करायला मला उठून यावं लागणार."

"अर्थात."

"आणि नोंद नसताना उठायचं नाही."

"कलम तीन," मी म्हणालो.

"मग मी येऊ कशी? उडत?"

मुद्दा बरोबर होता. त्याच दुपारी मी पूर्व-उत्थान चिठ्ठीची तरतूद केली. ज्याला उठायचं त्यानं बसूनच चिठ्ठी लिहावी, शेजाऱ्याकडे द्यावी, त्यानं पुढच्याकडे, अशी ती माझ्यापर्यंत यावी. मी मंजुरीचा शिक्का मारून तशीच परत पाठवावी. मग त्या माणसानं उठावं, माझ्या टेबलाशी यावं, चिठ्ठी द्यावी आणि वहीत सही करावी.

दिवसाला पंधरा उत्थानं, माणसं मला सोडून तेहतीस, म्हणजे चारशे पंच्याण्णव नोंदी. तीन मिनिटं उठण्यासाठी लोक माझ्यासमोर चाळीस-चाळीस मिनिटं रांगेत उभे राहू लागले. रांगेत मुरमुरे निघाले, इथला गोड छानाबडा निघाला, मोहरीच्या तेलाचा भाव निघाला. खिडक्यांवर आलेले लोक रिकाम्या खुर्च्या बघून घरी जात. महिनाअखेरीस मी अहवाल पाठवला: कर्मचाऱ्यांच्या उभे राहण्याच्या वेळेत तेरापटीने वाढ. कोलकात्याहून अभिनंदनाचं पत्र आलं. ते मला बसूनच स्वीकारावं लागलं, कारण माझ्यासमोर रांग होती.

माझं स्वतःचं उत्थान मात्र शून्य होतं. वही सोडून जायची नाही. शिवाय कलम सहा होतं, तेही माझंच. नोंद करणाऱ्याने स्वतःच्या उत्थानाची नोंद स्वतः करू नये. त्यावर उपसंचालकांची सही असावी. उपसंचालकांना खाली येऊन सही करायची तर आधी त्यांच्या उत्थानाची नोंद माझ्याकडे व्हायला हवी, आणि त्यासाठी त्यांना खाली यायला हवं. त्यामुळे आम्ही दोघंही बसून राहिलो. बाकीच्यांच्या पायांची सूज उतरली. माझी गुडघ्याकडे निघाली.

नोव्हेंबरात अभिनंदनाच्या पाठोपाठ तपासणीही आली. तपासनीस बटब्यालबाबू सकाळच्या गाडीनं उतरले आणि बरोबर बारा वाजता मोजदाद करायला मोठ्या दालनात शिरले. आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. आम्ही लोक बाराही महिने छत्री घेऊन येतो आणि आल्या आल्या ती खुर्चीच्या पाठीला टांगतो. छत्री खुर्चीला आहे म्हणजे माणूस जागेवर आहे. मग तो चहाला गेला असो, केस कापायला गेला असो किंवा मुलीसाठी स्थळ बघायला कृष्णनगरला गेला असो. साहेबही छत्री बघून हजेरी लावतात. कोणाच्या खुर्चीची छत्री कोणी काढत नाही. ते चांगलं दिसत नाही.

बटब्यालबाबू जुने माणूस. त्यांनी खुर्च्यांवरच्या छत्र्या मोजल्या: पस्तीस कर्मचारी बसलेले. मग माझ्यासमोरची रांग मोजली: तेहतीस कर्मचारी उभे. बेरीज अडुसष्ट.

"मंजूर पदं छत्तीस आणि हजर अडुसष्ट? आणि निम्म्याहून जास्त अजून बसलेलेच!" ते म्हणाले.

"सर, त्या छत्र्या आहेत," मी म्हणालो.

"छत्री आहे म्हणजे माणूस आहे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी असंच मोजत आलोय. आज तुमच्यासाठी पद्धत बदलू?"

त्यांना चूक म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मीही तसाच मोजत आलो होतो. मी मध्यम मार्ग काढला. दुसऱ्या दिवसापासून उत्थान करताना छत्री सोबत घेणं सक्तीचं झालं. रांगेत तेहतीस माणसं आणि तेहतीस छत्र्या उभ्या राहू लागल्या. वहीत नवा रकाना आला: छत्री उठली का, होय किंवा नाही.

पस्तिसावी छत्री तारापद कुंडूंची निघाली. ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. छत्री अजून कामावर होती. दोन वर्षांत तिनं एकही उत्थान केलं नव्हतं, म्हणून मी नियमाप्रमाणे कुंडूबाबूंना नोटीस काढली.

तिसऱ्या दिवशी कुंडूबाबू स्वतः आले. गावातल्या खागड्याहून चालत. चेहरा तरतरीत, पोट गायब.

"अरे लाहिडी, कामावर होतो तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि आता छत्री उठत नाही म्हणून नोटीस?"

"नियम आहे, दादा."

"कुणाचा रे हा गाढवपणा?"

"माझा."

ते पोट धरून हसले. मग छत्री काढून काखेत मारली आणि समोर टेकले. "मी रोज घाटावर जातो बघ. रिटायर झाल्यापासून एक दिवस चुकवला नाही. वहिनी भेटायच्या पूर्वी."

"कोणत्या वहिनी?"

"तुझी बायको, दुसरी कोण? हिवाळ्यात रोज यायच्या, एकट्याच. तिसऱ्या पायरीवर बसायच्या, शेजारी छत्री आडवी ठेवायच्या. मी म्हटलं एकदा, वहिनी, छत्री इकडे घ्या, लोकांना बसू दे. तर म्हणाल्या, जागा धरलीय, हे येणार आहेत."

मला वाटायचं, मी नाही म्हटलं की ती घरी जाते. तिनं कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नव्हतं. हातातल्या चिठ्ठीवर मी मंजुरीचा शिक्का मारला. तो उलटा पडला.

चार डिसेंबरला मी रीतसर अर्ज केला. विनंती: बारा डिसेंबर, दुपारी सव्वाचार, दिशा पश्चिम. अकरा तारखेला साहेबांनी फोन केला.

"लाहिडीबाबू, कारण लिहिलंय 'सूर्यास्त पाहणे'. हे आरोग्यात कसं धरायचं?"

"सर, उद्या माझ्या पत्नीला जाऊन वर्ष होतंय."

साहेबांचा आवाज खाली आला. माणूस वाईट नाही. "मला समजतं हो. पण रकाने तुम्हीच केलेत. पाय, पाठ, रक्तदाब, इतर शारीरिक. यात दुःख कुठंय? आणि घाट किती लांब?"

"मोजलेलं नाही. नकाशावर अकरा मिनिटं दाखवतात."

"मंजूर उत्थान तीन मिनिटांचं. म्हणजे चार उत्थानं लागतील. तुम्ही असं करा, अडीचला निघा. तीन मिनिटं चाला, अर्धा तास बसा, परत तीन मिनिटं. सूर्यास्ताच्या आत आरामात पोचाल."

"मधे बसायचं कुठं?"

"हां. त्यासाठी खुर्ची बरोबर न्यावी लागेल. तशी तरतूद आहे का, बघा जरा."

मी बघितली. हे लिहायला लाज वाटते, पण संध्याकाळभर मी खरोखर शोधत बसलो. कार्यालयीन खुर्ची आवाराबाहेर नेण्याची तरतूद फक्त निवडणूक आणि पूर यांसाठी होती. या वर्षी दोन्ही नव्हतं.

बारा तारखेला सकाळी निभाची फुलाफुलांची छत्री मी नेहमीप्रमाणे खुर्चीला टांगली. ती गेल्यापासून मी तिचीच वापरतो. बायकी दिसते, पण कार्यालयात कोणी काही बोललं नाही. दुपारी चारला रांग दारापर्यंत होती. सव्वाचारला मी सवयीनं खिडकीकडे पाहिलं. गजांवर ऊन होतं, बाकी काही नव्हतं. मी पुढची चिठ्ठी घेतली.

पुढे झर्नादी होत्या. त्यांनी चिठ्ठी हातात घट्ट धरून ठेवली.

"लाहिडीदा, आज बारा ना?"

"हो."

"मग?"

"मंजुरी आली नाही."

झर्नादी वाकल्या आणि टेबलाखाली बघू लागल्या. आधी डावीकडून, मग उजवीकडून. मागचे लोक माना लांब करू लागले.

"काय शोधताय?"

"तुम्हाला कोणी बांधून ठेवलंय ते बघतेय. दोरी तर दिसत नाही हो."

मी पण खाली पाहिलं. सुजलेले दोन पाय होते. दोरी नव्हती. त्या एकतीस हिवाळ्यांत नोंदवही नव्हती, कलम तीन नव्हतं, बटब्यालबाबू नव्हते. दोरी तेव्हाही नव्हती.

मी खुर्चीची छत्री काढली. माझी छत्री साडेपाचच्या आत निघालेली कोणी पाहिली नव्हती.

"नोंद?" मागून कोणीतरी विचारलं.

"अरे बाबा, तू बस आता!" झर्नादी म्हणाल्या.

चार एकवीसला मी बाहेर पडलो. पाय दुखत होते. कोर्टाची भिंत, मग मैदानाचा कोपरा, मग उतार. घड्याळ पाहिलं तर चार चौतीस. म्हणजे नकाशापेक्षा दोन मिनिटं जास्त लागली, तीही सुजेमुळं. सूर्य नदीपार झाडांच्या वर चांगला हातभर होता. तिसऱ्या पायरीवर कोणी नव्हतं. मी बसलो आणि शेजारी छत्री आडवी ठेवली. थोड्या वेळानं कुंडूबाबू आले, छत्रीकडे पाहिलं आणि चौथ्या पायरीवर बसले.

घाट लांब आहे, एवढ्यात होणार नाही, असं मी स्वतःला एकतीस वर्षं सांगत होतो. सूर्य बुडायला त्यानंतरही अठरा मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी मला नोंदीविना उत्थान केल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र मिळालं. खाली सही साहेबांची होती, मसुदा माझ्याच जुन्या नमुन्यातला. खुलासा म्हणून मी हे लिहिलं आहे. पानं जास्त झाली, कारण आता दर अर्ध्या तासानं उठतो आणि परत आलो की आधी काय लिहिलं ते विसरतो.

हे तुम्ही बसूनच वाचलं असणार. किती वेळ झाला, ते मी विचारत नाही. विचारलं तर रकाना करावा लागेल. एवढंच करा, खिडकीशी कोणी चपला घालून उभं आहे का ते बघा. असेल तर उठा.

नोंद नंतरही करता येते.