पांढरीचं माहेरपण

विटा गावात हिंदुराव आणि हौसाबाई असं एक जोडपं राहत होतं. त्यांना वैजयंता नावाची लेक होती, पांढरी नावाची जुनी मोटार होती, आणि त्या मोटारीला माहेरपण झाल्याशिवाय राज्याची शीव ओलांडता येत नव्हती.

लेक दिली होती आसामात, सिलचरला. विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी कुठंकुठं पांगलेली, त्यातलेच एक जावई विलासराव. मधे तीन हजार किलोमीटर. वैजूला सात वर्षांत माहेरी यायला जमलं नव्हतं. लग्नानंतर नवव्या वर्षी दिवस राहिले, तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिथंच बुडाली. हौसाबाईंनी ते गिळलं.

पण सातव्या महिन्यात वैजूला डोहाळा लागला. चिंचेचा नाही, पेरूचा नाही. फोनवर म्हणाली, "आई, पांढरीच्या मागच्या शिटावर डाव्या खिडकीपाशी बसून बाजरीची भाकरी खावीशी वाटते."

हौसाबाई हसल्या नाहीत. डोहाळा पुरला नाही तर लेकराची जन्मभर लाळ गळते, हे त्यांनी शेजारच्या एका चांगल्या शिकलेल्या माणसाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं. हिंदुराव म्हणाले, भाकऱ्या पार्सलनं पाठवू. हौसाबाईंनी विचारलं, शीट कशानं पाठवता? मग शीट तेवढं सोडवता येईल का, असं बाबालाल मिस्त्रीला विचारून झालं. तो म्हणाला, गाडीबिगर शीट म्हणजे नुसतं बाकडं, वहिनी. तेव्हा ठरलं, की आठवा महिना सरायच्या आत पांढरीनंच सिलचर गाठायचं.

बाबालालनं तीन दिवस गाडीवर हात चालवला. रेडिएटर धुतला, पाण्याचे रबरी पाइप बदलले, ब्रेक नवे बसवले, चारी टायर नवे घातले, पंख्याचा एक पट्टा जादाचा म्हणून डिकीत टाकला. चौथ्या दिवशी हात पुसत म्हणाला, "माझं काम झालं. पण ही जायची न्हाई. तिलाच इचारा."

पांढरी इंजिन बंद असतानाच बोलायची. चालताना बोललं की तिला दम लागे. हौसाबाईंनी बॉनेट उघडून विचारलं, तर ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण एकतीस वर्षं झाली, मला कुणी माहेरी पाठवलं नाही. एवढ्या लांब जायचं ते माहेर न बघता?"

हिंदुरावांनी हे मनावर घेतलं नाही. ते परवान्यासाठी मोटारींच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी कागद उलटेपालटे करून शांतपणे विचारलं, माहेरपणाचा दाखला कुठाय? हिंदुराव म्हणाले, तो कशाला? बाई म्हणाल्या, पंचवीस वर्षांवरच्या गाडीला लागतो, पाच दिवसांचा, जायचा-यायचा दिवस सोडून. माहेरचं कुणी हयात नसेल तर मावशी चालते.

"मोटारीची मावशी?"

"त्याच कारखान्यातली, त्याच सालची. पण मग दोन साक्षीदार आणावे लागतील."

हिंदुराव मान खाली घालून घरी आले. कारण पांढरीचं माहेर हयात होतं, आणि तिथं तोंड दाखवायला त्यांना जागा नव्हती.

त्याचं असं झालं होतं. पांढरी त्यांनी घेतली म्हसवडच्या पाठकांकडून. पाठक गुरांचे डॉक्टर. जनावर विकलं तरी त्याचं दावं विकायचं नाही, ते गोठ्यात ठेवायचं, म्हणजे घरची बरकत राहते, ही रीत ते पाळायचे. मोटारीला दावं नसतं, म्हणून त्यांनी स्टेपनीचं चाक ठेवून घेतलं. म्हणाले, पहिल्या दिवाळीला हिला घेऊन या, ओटी भरून चाकासकट पाठवतो. हिंदुराव तेव्हा तरणे होते. त्यांना वाटलं, डॉक्टर एक चाक दाबतोय. त्यांनी बाजारातून दुसरं आणलं आणि म्हसवडची वाट सोडली ती सोडली. रस्ता सरळ असला तरी ते फेर घालून जायचे.

"एकतीस दिवाळ्या झाल्या," हौसाबाई म्हणाल्या. "पोरीच्या जातीला असं करतं का कुणी?"

हिंदुराव उठून गाडी धुवायला लागले.

म्हसवडला डॉक्टर राहिले नव्हते. कमळाकाकू होत्या, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत दारात आल्या. पांढरीला पाहिलं आणि आधी भाकरतुकडा ओवाळून टाकला. हिंदुरावांशी एक अक्षर बोलल्या नाहीत. हौसाबाईंना आत नेऊन दाखवलं. गोठ्यात खुंटीखाली ते चाक उभं होतं. त्याच्यावर हळदी-कुंकवाचे थर बसले होते, एका दिवाळीचा एक.

पाच दिवस पांढरीनं काही केलं नाही. माहेरी पोरीनं काम करायचं नसतं, म्हणून किल्लीसुद्धा फिरवली नाही कुणी. काकूंनी तिच्या दारांच्या बिजागऱ्यांना कोमट तेल चोळलं, ऊन लागतंय म्हणून टपावर गोधडी घातली. दुपारी शेजारणी येऊन तिच्या शिटांवर बसून सुपाऱ्या कातरायच्या. तिनं सासरचं काय काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण सहाव्या दिवशी हौसाबाईंना घेऊन हिंदुराव न्यायला आले तेव्हा त्या बायका हिंदुरावांकडं बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

काकूंनी दाखल्यावर सही केली. हिंदुरावांनी किल्ली फिरवली. पांढरी चालू झाली नाही. दुसऱ्यांदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. मग त्यांनी बॉनेट उघडलं.

पांढरी म्हणाली, "मामंजी, मला अजून राहायचं आहे."

काकू म्हणाल्या, पोर राहते म्हणते तर मी लोटून द्यायची नाही. आठवा महिना सरायला चौदा दिवस राहिले होते आणि वाटेला दहा लागणार होते. हिंदुराव काकूंच्या पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि म्हणाले, "डॉक्टरांना मी चोर समजलो. माझं चुकलं."

काकू म्हणाल्या, "ते मला नका सांगू. तिला सांगा."

तेव्हा हिंदुराव उठून पांढरीपाशी गेले आणि तेच पुन्हा म्हणाले. तरी पांढरी चालू झाली नाही. मग हौसाबाई पुढं झाल्या. पदरानं काच पुसत म्हणाल्या, "तुझी हौस मी मोडत न्हाई, बाई. पण वैजूला शाळेत असताना ताप आला की कुठं झोपायची? तुझ्या मागच्या शिटावर. लग्न होऊन निघाली तेव्हा कुठं बसून रडली? तिथंच. सात वर्षं झाली, तिला माहेर दिसलं न्हाई. तिला येता येत न्हाई, आणि तिचं माहेर तर तू हाईस. तू इथं बसलीस, तर तिनं कुठं जावं?"

टपावरची गोधडी वाऱ्यानं जरा उचलली आणि खाली बसली.

"ते चाक डिकीत ठेवा," पांढरी म्हणाली.

काकूंनी ओटी भरली. खण, नारळ आणि गहू पुढच्या शिटावर ठेवले, नारळ गडगडेल म्हणून त्याला पट्टा लावला. चाक हिंदुरावांनी स्वतः उचलून आणलं. कुंकू न पुसता ठेवलं.

कचेरीतल्या बाईंनी दाखला पाहिला. नारळ फोडलात तर नाही ना, एवढंच विचारलं, आणि शिक्का मारला.

वाट लांब होती, ती काय सांगायची. नागपूर गेलं, रायपूर गेलं, बंगाल गेला. बाबालालनं दिलेला पंख्याचा पट्टा बिहारच्या शिवेवर लागला. आणि आसामच्या घाटात मागचं चाक बसलं, तेव्हा म्हसवडचं चाक लागलं. बाजारातलं असतं तर त्या चढाला टिकलं नसतं, असं पांढरीच पुढं थांबल्यावर म्हणाली. हिंदुराव म्हणाले, खरं आहे, सूनबाई. एकतीस वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा तसं म्हटलं.

अकराव्या दिवशी दुपारी सिलचरच्या गल्लीत पांढरी उभी राहिली. विलासरावांनी वैजूला धरून आणलं. ती मागच्या शिटावर डाव्या खिडकीपाशी बसली. हौसाबाईंनी तिथंच रस्त्यावर स्टोव्ह पेटवून बाजरीची भाकरी थापली. वैजूनं अख्खी भाकरी खाल्ली, मग दुसरी मागितली. मग खिडकीच्या काचेला डोकं टेकून म्हणाली, आले गं मी माहेरी.

महिन्याभरानं भर दुपारी तिला कळा आल्या. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याकडं निघाले, तर वाटेत मिरवणूक आडवी आली, आणि बाईंना तिथं बोलावून आणेपर्यंत मागच्या शिटावर मुलगी झाली. दोघी सुखरूप. नोंद करणाऱ्या कारकुनानं विचारलं, जन्म कुठं झाला? हिंदुराव म्हणाले, माहेरी. कारकून म्हणाला, माहेर कुठं? हिंदुरावांनी खिडकीतून दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं आणि पाटीवरचा नंबर नीट उतरून घेतला.

म्हसवडहून काकूंचा निरोप आला, की पांढरीला सव्वा महिना चालवू नका, डिंकाचे लाडू पाठवते. हिंदुरावांनी नाही चालवली.

दिवाळीला सगळी मिळून आली. वैजू आणि लेक विट्याला राहिल्या, पांढरी म्हसवडला, आणि हौसाबाईंचा फराळ दोन्हीकडं गेला. नात आता दीड वर्षाची आहे. तिची लाळ कधीच गळली नाही, लाळेरं नवं होतं तसं घडीत पडून आहे.