चारुदत्त सांबराचा शिंगत्याग

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे बरं का मुलांनो, दुसऱ्याच कुठल्यातरी जंगलात, एक झरा होता. उन्हाळ्यात सगळं रान वाळून कोळ व्हायचं, पण हा झरा काही आटायचा नाही. कातळातून आलेलं पाणी आधी वरच्या डोहात पडायचं. डोह भरला की ते खाली ओघळायचं आणि एका डबक्यात साचायचं.

वरच्या डोहावर शिंगवाल्यांनी पाणी प्यायचं आणि खालच्या डबक्यावर बिनशिंग्यांनी, असा तिथला रिवाज होता. का म्हणून विचाराल, तर पूर्वीपासून. शिंगवाले सकाळी डोहावर यायचे, पोटभर प्यायचे आणि मग त्यातच यथेच्छ डुंबायचे. अंगावरचा चिखल, गोचिड्या, आणखी काय काय, सगळं पाण्यात उतरायचं. मग ते पाणी खाली जायचं. आणखी काय काय म्हणजे काय, ते घरी गेल्यावर आईला विचारा.

या शिंगवाल्यांत चारुदत्त नावाचा एक सांबर होता. फार सज्जन. त्याचं मन हळवं होतं, आणि ते हळवं आहे हे त्याला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. डोहात मानेपर्यंत बसून तो खालच्या डबक्याकडे बघायचा आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेही पाणी खालीच जायचं.

खाली सगुणा नावाची सायाळ राहायची. तिची चिमी उन्हाळा लागल्यापासून आजारी होती. डबक्याचं पाणी पोटात गेलं की पोरीला जुलाब व्हायचे, आणि पाणी नाही दिलं तर तिचा जीव कासावीस व्हायचा. बिचारीच्या अंगावर आता काटेच तेवढे उरले होते. शेवटी एका सकाळी सगुणा वर गेली, रिवाजाप्रमाणे अंतर राखून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, एक मागणं आहे. तुम्ही डुंबायच्या आधी आम्हांला तेवढं पिऊन घेऊ द्या. मग दिवसभर डुंबा."

बस, मागणं एवढंच होतं. चारुदत्ताला गलबलून आलं. खरंच आलं, खोटं कशाला सांगू. पूर्वी तो तिला 'ए काटेवाले' म्हणायचा, पण हल्ली 'सगुणाताई' म्हणायला लागला होता. त्याने तिला समजावलं की सगुणाताई, हा प्रश्न नुसत्या पाण्याचा नाही. याची मुळं फार खोल गेलेली आहेत. आधी शिंगवाल्यांना बिनशिंग्यांचं दुःख समजायला हवं, ते समजलं की पाणी आपोआप येईल. सगुणा म्हणाली, समजेपर्यंत चिमी राहायला हवी ना. हे वाक्य चारुदत्ताला इतकं आवडलं की पुढे त्याने ते बऱ्याच भाषणांत वापरलं. स्वतःचं म्हणून.

मग त्याने 'समजून घेऊ या मंडळ' काढलं. मंडळाच्या बैठका डोहात भरायच्या. बिनशिंग्यांना डोहावर यायला बंदी असल्यामुळे मंडळात सगळे शिंगवालेच होते. याची खंत चारुदत्त दर बैठकीत सुरुवातीलाच व्यक्त करायचा आणि मग कामाला लागायचा. अण्णासाहेब गवा अध्यक्ष होते. ते बहुतेक वेळ झोपलेले असायचे, पण त्यांच्या असण्याने मंडळाला वजन यायचं.

होता होता चैत्र आला आणि चारुदत्ताचं डोकं हलकं हलकं वाटायला लागलं. आता मुलांनो, एक गोष्ट तुम्हांला सांगून ठेवतो. सांबराची शिंगं दर वर्षी गळतात आणि पुन्हा येतात. त्यात सांबराचं कर्तृत्व काही नाही. एरवी चारुदत्त गुपचूप एखाद्या जाळीत जाऊन ती पाडून यायचा. शिंगं नसलेल्या दिवसांतही तो वरच्या डोहावरच पाणी प्यायचा आणि त्याला कोणी हटकायचं नाही. शिंगं आज नसली तरी उद्या येणार आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं ना.

पण या वर्षी त्याच्या मनात आलं, नाहीतरी गळणारच आहेत, तर चार जणांसमोर गळू देत. त्याने जाहीर केलं की मी शिंगांचा त्याग करणार आहे. कार्यक्रम खालच्या डबक्यावर होईल. सगळ्या शिंगवाल्यांनी दिवसभर तिथे उभं राहायचं, तिथलंच पाणी प्यायचं आणि बिनशिंग्याचं जिणं अंगावर घेऊन बघायचं. बिनशिंग्यांना निरोप गेला की गर्दी होईल, तेव्हा त्या दिवशी डबक्यात उतरू नये. बाजूला करवंदीच्या जाळीत बसून ऐकावं. आणि आदल्या दिवशी काठ तेवढा झाडून ठेवावा.

सोहळा रंगला. चारुदत्ताने ऐनाच्या बुंध्यावर डोकं आपटलं आणि दोन्ही शिंगं खाली पडली. सगळ्यांनी वाहवा केली. अण्णासाहेबांना तर हुंदका आवरेना. गव्याची शिंगं जन्मात गळत नाहीत, त्यामुळे त्यांना हा त्याग फारच मोठा वाटला. चारुदत्ताची बायको मालिनी तेवढी जमिनीकडे बघत राहिली. ती हे दर वर्षी बघत आली होती.

मग मंडळी डबक्यात उतरली. एकेकाने डोळे मिटून घोट घ्यायचा आणि कसं वाटलं ते सांगायचं, असा क्रम ठरला होता. कोणाला अंतर्मुख वाटलं, कोणाला अपराधी वाटलं, एका चौशिंग्याला मळमळलं. दुपारपर्यंत डबक्यात पाणी असं उरलंच नाही, नुसता राडा झाला. वर उन्हं चढलेली, आणि चारुदत्त 'आपण त्यांचा आवाज ऐकला पाहिजे' या मुद्द्यावर आला होता.

जाळीत सगुणाच्या कुशीत चिमी निपचित पडली होती. तिची जीभ कोरडी पडली होती. सगुणाने डबक्याकडे बघितलं, तिथे खूरच खूर दिसत होते. मग तिची नजर वर गेली. डोह रिकामा होता. सगळे शिंगवाले खाली तिचं दुःख समजून घेत होते आणि वर पाणी इतकं निवळलं होतं की तळातले खडे दिसत होते.

तिने चिमीला ढोसून उठवलं, पुढे घातलं आणि चालायला लागली. तिच्यामागे ससे निघाले, मग मुंगूस, मग घोरपड. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. वर पोचल्यावर चिमीने पाण्याला तोंड लावलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही. सगुणा तिच्याकडे बघत उभी राहिली आणि रडली. स्वतः प्यायचं तिला नंतर आठवलं.

खाली चारुदत्ताच्या लक्षात आलं की जाळी रिकामी झाली आहे. ज्यांचा आवाज ऐकायचा तेच उठून गेले होते. शिंगवाले धावत वर आले. अण्णासाहेबांनी मान खाली घालून शिंगं रोखली. पण रोखता रोखता त्यांना मंडळाची आठवण झाली, आणि ते म्हणाले की निर्णय चारुदत्तरावांनीच करावा. आता ते बिनशिंगे आहेत, त्यांना दोन्हीकडचं कळतं.

सगुणाने चारुदत्ताकडे बघितलं. "दादा," ती म्हणाली, "डोह रिकामा होता."

'पिऊ द्या' एवढंच त्याला म्हणायचं होतं. दोनच शब्द, आणि ते त्याच्या घशापर्यंत आलेही होते. पण नेमकी तेव्हाच त्याच्या कपाळाला खाज सुटली. जिथून शिंगं पडली होती, तिथे आतून काहीतरी वर यायला बघत होतं. त्याला वाटलं, आत्ता आपण हे बोललो तर मंडळ फुटेल. मंडळ फुटलं तर यांच्यासाठी झटणार कोण? आणि खरं सांगायचं तर तो दुखावला होता. एवढा मोठा त्याग केला आणि ही मंडळी अर्ध्यातून उठून गेली.

"सगुणाताई, मला जरा वाईट वाटलं," तो म्हणाला. "निदान भाषण संपेपर्यंत तरी थांबायचं."

"बोला की, दादा," सगुणा म्हणाली. "आमचं पिऊन होईपर्यंत बोला."

दुसऱ्या दिवशी सगळ्या शिंगवाल्यांची पोटं बिघडली. मंडळाने तातडीची बैठक घेतली. खालचं पाणी वाईट आहे हे मंडळाने स्वानुभवाने सिद्ध केलं होतं. तेव्हा ते पिणाऱ्यांनी वर येऊन डोह बाटवू नये, म्हणून डोहाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचं ठरलं. चारुदत्ताला हे पटलं नाही. त्याने ठामपणे एक दुरुस्ती सुचवली, की कुंपण बुटकं असावं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांचे चेहरे दिसतील आणि संवाद चालू राहील. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली.

आता सायाळीला काट्यांचं भय दाखवायचं म्हणजे कमालच की नाही? पण ती कोण आहे, कशी आहे हे मंडळाने समजून घेतलंच नव्हतं, नुसतं तिचं दुःख समजून घेतलं होतं. सगुणाने बाभळी कुरतडून कुंपणाला एक भगदाड पाडलं. तेव्हापासून शिंगवाले डुंबायला येण्याच्या आधी बिनशिंगे रोज पहाटे पिऊन जातात. चिमी आता चांगली गुटगुटीत झाली आहे.

चारुदत्ताला नवी शिंगं आली, आधीपेक्षा मोठी. तो पुन्हा वर डुंबतो आणि प्रत्येक भाषणाची सुरुवात 'मीही एकेकाळी बिनशिंगा होतो' अशी करतो. कुंपणातलं भगदाड त्याने बघितलं आहे. त्याबद्दल तो कोणाला काही बोललेला नाही, आणि हे न बोलणं हेच आपलं आयुष्यातलं सर्वांत मोठं सामाजिक कार्य आहे असं तो मनातल्या मनात समजतो. तसं ते आहेही.

तात्पर्य : दुसऱ्याचं दुःख समजून घ्यायचं असेल तर जरूर त्याच्या जागी जाऊन उभं राहावं. त्याने आपल्याला काही समजत नाही, पण आपली जागा तेवढा वेळ रिकामी होते आणि त्याला पाणी पिता येतं.

(हे तात्पर्य लिहून झाल्यावर आम्ही स्वतःवर बेहद्द खूश झालो. कपाळ मात्र फार खाजत होतं.)