सत्तरीपुढची लाट

"आकडे खोटं बोलत नाहीत, दाजी! खोटं बोलतात ती माणसं. आणि माणसांना ओळखायला मी बसलोय ना!"

हे वाक्य टक्केभाऊंनी इतक्या ठसक्यात टाकलं, की दाजींनी तिथल्या तिथे त्यांना आपल्या प्रचाराचे मुख्य विश्लेषक करून टाकलं. टक्केभाऊ म्हणजे दाजींचे सख्खे मेहुणे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. "जेवण झालं का?" असं विचारलं तरी "साधारण ऐंशी टक्के" असं उत्तर द्यायचे. लग्न राहूनच गेलं होतं, कारण एका स्थळाचं विश्लेषण पूर्ण होईपर्यंत मुलीच्या घरी बारसंसुद्धा उरकलेलं असायचं. तिच्या मुलाचं! तेव्हा घरात ते आणि त्यांची आई, दोघंच.

दाजींचं नळ आणि पाइपांचं मोठं दुकान होतं. पण आता त्यांना नगराध्यक्ष व्हायचं होतं. आधी पक्षाची उमेदवारी मिळवायची, आणि तिथेच घोडं अडलं होतं. समोर उभ्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. अर्धं गाव त्यांच्यासमोर तोंड उघडून बसलेलं, मग विरोधात तोंड उघडणार कोण? उमेदवार ठरणार होता सभासदांच्या मतदानानं. तोवर हवा कळावी म्हणून पक्षानं एक पाहणी कंपनी नेमली होती. कंपनी दर बुधवारी ठरावीक सभासदांना फोन करायची आणि कौल विचारायची. ही माणसं कोण, ते मात्र गुपित.

पहिला कौल आला. दाजी केसभर पुढे! दाजींनी पेढ्यांची ऑर्डर द्यायला फोन उचलला, तोच टक्केभाऊंनी त्यांचा हात धरला.

"थांबा! सत्तरीपुढच्या महिला बघा. शंभर टक्के कुंपणावर आहेत!"

"सगळ्या?"

"झाडून सगळ्या! एकीचंही ठरलेलं नाही. आणि आपल्या पक्षात म्हाताऱ्या बायका किती आहेत, ठाऊक आहे ना? त्या जिकडे झुकतील तिकडे उमेदवारी."

शंभरच्या शंभर टक्के बायकांचं एका गोष्टीवर एकमत! कुठल्याही शहाण्या माणसाला इथेच शंका आली असती. पण टक्केभाऊ शहाणे नव्हते, तज्ज्ञ होते.

"आता आज्यांना जिंका," त्यांनी सांगितलं.

दाजी कामाला लागले. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या घरचा नळ गळत होता. दाजींनी बाह्या सरसावून स्वतः तो बदलला आणि शेजारी फोटोवाला उभा केला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. दाजींच्या हातात पाना, बाईंच्या डोळ्यांत पाणी!

टक्केभाऊंनी तो फोटो मोठ्या अभिमानानं आईसमोर धरला. आईनं चष्मा लावला आणि बराच वेळ निरखलं.

"कुणाच्या घरचा नळ?"

"मुख्याध्यापिकाबाईंच्या."

"छान बसवलाय हो," आई म्हणाली आणि आत गेली. आत कुठलंतरी झाकण दाणकन आपटलं. स्वयंपाकघरातला त्यांचा स्वतःचा नळ महिनाभर टपटपत होता आणि त्याखाली एक पातेलं कायमचं मुक्कामाला आलं होतं. "सासूबाई, उद्या येतोच," असं दाजी दर भेटीत सांगून जायचे. टक्केभाऊंना त्या टपटपीची इतकी सवय झाली होती, की त्यांना ती ऐकूही येत नसे.

गुरुवारी दुसरा कौल आला आणि प्रचार कार्यालयात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सत्तरीपुढच्या शंभर टक्के महिला डॉक्टरीणबाईंकडे! दाजी मागे!

"अहो, पण मी नळ बसवला ना!" दाजी कळवळले.

"डोस कमी पडला!" टक्केभाऊ म्हणाले. ते आतून हादरले होते, पण तज्ज्ञानं हादरलेलं दाखवायचं नसतं. "एक नळ म्हणजे नमुना झाला. लाट उलटवायची तर नळ घाऊक लागतील!"

आणि सुरू झाली 'आजी, नळ कसा आहे?' ही मोहीम. दाजी गल्लोगल्ली पाना घेऊन फिरले. न गळणारे नळसुद्धा बदलले! फोटोच फोटो! इकडे आईनं पेपर वाचणंच सोडलं. पातेलं भरलं की ते ओतायला ती टक्केभाऊंच्या खोलीसमोरूनच जायची, आणि जाताना ते जरा जास्तच हिंदकळवायची.

तिसरा कौल बघून दाजी खुर्चीतच बसले. बसलेलेच होते, आणखी खाली बसले. सत्तरीपुढच्या शंभर टक्के महिला 'तीव्र विरोधात'. कारण काय, तर 'माणूस दिखाऊ आहे'.

"मी काय घोडं मारलंय हो या बायकांचं?" दाजी अक्षरशः रडकुंडीला आले. "दुकान सोडून दारोदार फिरतोय. तुमची ताई म्हणते, उमेदवारी गेली तर भावाला दारात उभा करणार नाही!"

आता मात्र टक्केभाऊंची झोप उडाली. ताई बोलल्याप्रमाणे करायची.

मतदान रविवारवर आलं. आदल्या बुधवारी दाजी तातडीच्या बैठकीसाठी टक्केभाऊंच्या घरी आले. बैठकीच्या खोलीत दोघं डोकं धरून बसले होते. एवढ्यात आईचा फोन वाजला.

"माझा आहे," आई लगबगीनं म्हणाली आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. तिला कमी ऐकू येत असल्यामुळे ती सगळ्यांशीच ओरडून बोलत असे.

"हो, मीच! वय पंचाहत्तर! कुणाला म्हणता? डॉक्टरीणबाईंना! आणि ते नळवाले? छे छे, मुळीच नकोत! जगाचे नळ नीट करत हिंडतात मेले, आणि स्वतःच्या सासूच्या घरी पातेलं!"

दाजींचं तोंड उघडं पडलं ते मिटेना. टक्केभाऊ तर पांढरेफटक! त्यांनी पाहणी कंपनीला फोन लावला.

"तुमच्या यादीत सत्तरीपुढच्या महिला किती आहेत?"

"एक," पलीकडची मुलगी म्हणाली. "बाकीच्या अनोळखी फोन उचलतच नाहीत हो, मुलांनी बजावलेलं असतं. या आजी मात्र एकदम नियमित! म्हणून सगळ्यांचा भार त्यांच्यावरच टाकतो. त्या एकट्या दीडशेजणींच्या जागी धरतो आम्ही."

टक्केभाऊंनी फोन ठेवला. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच एकही टक्का सुचेना.

"अगं आई! सांगायचं नाही का?"

"गुप्त असतं ते," आई फणकारली. "कुणाला सांगायचं नाही असं त्या मुलीनं बजावलंय."

"अगं, तू एकटी दीडशे बायकांच्या बरोबरीची आहेस! सगळा कौल तुझ्या एकटीवर हलतोय!"

"माझ्या?" आई थक्क झाली. मग तिनं पदर सारखा केला आणि जावयाकडे असं पाहिलं, की दाजी मुकाट्यानं उठून दुकानाकडे पळाले. दुकानातला सर्वांत महागडा नळ आला आणि इस्त्रीच्या शर्टातच दाजींनी ओट्याखाली मान घातली. फोटोवाला नव्हता. नळ थांबला. आईनं फोन फिरवला, "मघाचं खोडा, जावईबापूंना घाला!" आणि दुसऱ्या दिवशी कौल जाहीर झाला. सत्तरीपुढची लाट उलटली, दाजी पुढे!

"बघितलंत? आकडे खोटं बोलत नाहीत!" टक्केभाऊंची छाती पुन्हा फुगली.

रविवारी ते दिवसभर मतदानाच्या सभागृहाबाहेर उभे राहून बाहेर पडणाऱ्यांना कौल विचारत होते. दाजी हात जोडून उभे, ताई त्यांच्या शेजारी. संध्याकाळी मोजणी झाली, फेरमोजणी झाली, आणि निकाल लागला.

दाजी पडले. एका मतानं!

तिघंही घरी आले ते मेल्यासारखे. आईनं चहा आणून ठेवला.

"काय झालं रे?"

"एका मतानं पडले दाजी."

"एका? अगंबाई! कोण हो तो करंटा, मत न देणारा?"

काय वाटलं कोण जाणे, टक्केभाऊंनी हळूच मान वर केली. "आई, तू कितीला गेली होतीस मत द्यायला? ताईबरोबर ना?"

"माझ्याबरोबर?" ताई किंचाळली. "मला वाटलं तू घेऊन गेलास!"

"मी कशाला उन्हात जाऊ?" आई शांतपणे म्हणाली. "बुधवारीच दिलं की फोनवर. दीडशे!"