मशीनमध्ये घातलेली घोंगडी

सामाजिक उद्योजक कसं व्हायचं, ते मला विचारा! बँकेतली नोकरी सोडून मी एका दिवसात झालो. कार्डंसुद्धा छापून घेतली. सांगोल्याकडच्या धनगरवस्तीवर विणलेल्या घोंगडीचं योगासनांसाठी आसन करायचं आणि पुण्या-मुंबईला विकायचं, ही माझी कल्पना. वस्तीवर तीन बैठका घेतल्या. "तुम्ही सगळे भागीदार, मोकळेपणानं बोला," असं दर वेळी म्हणालो आणि मग दोन-दोन तास मीच बोललो.

तिथली फुलाबाई सूत कातते, तिचा नवरा ज्ञानू मागावर विणतो. लोकरीला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. कातरलेली लोकर लोक ओढ्यात टाकत होते. पुण्याच्या एका संस्थेच्या मालतीताई नमुना बघायला येणार होत्या. त्यांचा होकार आला तर बारा घरांना काम, नाहीतर माग मोडून सरपण करायचं, असं ज्ञानूनं ठरवूनच टाकलं होतं.

नमुन्याची घोंगडी सोलापूरला माझ्या घरी आली. हात लावतो तर पुठ्ठ्यासारखी कडक! फुलाबाईनं दोन दिवस खपून तिला चिंचोक्याची खळ लावली होती, आणि घोंगडीचा सगळा टिकाऊपणा त्या खळीत असतो, हे मला कुठलं ठाऊक? म्हटलं, धुऊन मऊ करू. माझी बायको ओवी म्हणाली, आधी फुलाबाईंना फोन कर. मी म्हटलं, धुण्यात काय विचारायचंय! दुप्पट साबण, कडकडीत पाणी आणि मशीन दोनदा फिरवलं.

पाच हात घोंगडी पाटाएवढी होऊन बाहेर आली. जाडी मात्र भाकरीच्या दुप्पट. जिन्यात ओल्या मेंढराचा असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्यांनी येऊन, बकरं पाळलंय का, म्हणून चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर पोचलो तर मालतीताई आधीच येऊन बसलेल्या. मी तो तुकडा पाठीमागे लपवून उभा. फुलाबाईनं हात पुढे केला. तुकडा हातात पडल्यावर तिचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सायेब, कुणाला इचारून धुतलं?"

"कुणालाच नाही." आमच्या भागीदारीत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

तिनं तुकडा दाबून बघितला, ओढून बघितला, त्यावर पाणी ओतून बघितलं; आटून जाड झालेल्या लोकरीनं ते सगळं धरून ठेवलं. मग मेंढरं कातरायची कातर घेऊन तो कापला, माझ्या पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळला, दाभणानं टाचला आणि भिजवून बाटली कडुलिंबाच्या फांदीला टांगली. एप्रिलचं ऊन, त्यात आमच्याकडचं. तासाभरानं तिनं बाटली मालतीताईंच्या हातात दिली. पाणी माठातल्यासारखं गार! त्यांनी एक घोट घेतला, मग सगळी बाटली संपवली आणि बाटलीच्या अशा पाचशे कव्हरांची मागणी तिथंच नोंदवली.

ज्ञानू उठला आणि मागावरची धूळ झटकायला लागला. मला खरंच भरून आलं. मी तीन महिने तक्ते काढत बसलो होतो, आणि या बाईनं माझ्या नासाडीतून तासाभरात धंदा उभा केला. अशी बुद्धी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

मग कामांची वाटणी झाली. कातणं, विणणं, शिवणं सगळं वस्तीकडे गेलं. मी चाचरत विचारलं, माझी आता काही गरज आहे का?

"हाय की," फुलाबाई म्हणाली. "बाकीचं समदं आमी करतो. पर चांगली घोंगडी एवढी नासवायची म्हंजे आमच्यात कुणाला जमायचं न्हाय."