आमच्या ट्रॅक्टरचा कडेकोट बंदोबस्त

“साहेब, ट्रॅक्टर चोरायला किती वेळ लागतो?”

हा प्रश्न मी भर सभागृहात विचारला! तीनशे मुलं, अकरा शिक्षक आणि एक खरेखुरे फौजदार यांच्यासमोर उभी राहून! फौजदार साहेब शनिवारी शाळेत ‘सुरक्षितता’ या विषयावर बोलायला आले होते आणि शेवटी म्हणाले, “कुणाला काही शंका?” शंका मला नव्हतीच. शंका होती माझ्या दोन मैत्रिणींना. मी तोंड उघडेन की नाही, याची.

“तुमचा ट्रॅक्टर चोवीस तास चावी लटकवून उभा असतो. विचार की!” माझ्या डावीकडची मैत्रीण, चष्मा, कानात कुजबुजली.

“हिची टाप नाही,” उजवीकडची रेडिओ म्हणाली. ती कुजबुजली असं तिला वाटलं, पण मागच्या तीन रांगांना ऐकू गेलं. उगीच नाही तिला रेडिओ म्हणत.

आता, गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा बाकाखाली बघायचे. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून माझी जीभ जी सुटली आहे ती सुटलीच आहे. मी उठले आणि विचारलं.

साहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “का गं, चोरायचाय की काय?”

“नाही साहेब, वाचवायचाय!”

टाळ्या! रेडिओचा आवाज पहिल्यांदाच बंद!

साहेबसुद्धा खुलले. म्हणाले, “चावी जागेवर असेल तर दोन मिनिटं. नसेल तर पाच. आणि जुन्या ट्रॅक्टरांची तर गंमतच आहे, एकाची चावी दुसऱ्याला लागते. तेव्हा काहीतरी युक्ती करून ठेवा. आणि काय केलंय ते बोंबलत फिरू नका. ज्याने केलं त्यालाच ठाऊक, एवढंच पुरे.”

एकाची चावी दुसऱ्याला लागते? हे वाक्य माझ्या डोक्यात असं शिरलं की पुढच्या गणिताच्या तासाला मी फळ्यावर चाव्याच बघत होते. खरंच लागते? सगळ्यांची सगळ्यांना? मग चावी असतेच कशाला? शोभेला?

घरी आल्या आल्या प्रयोग! आमच्या ट्रॅक्टरची चावी, तो विकत घेतल्यापासून जागची हललेली नव्हती. तेल सोडून, गोल गोल हलवून, शेवटी दातांनी ओढावी की काय असं वाटायला लागलं तेव्हा ती निघाली. ती घेऊन मी थेट शेजारच्या काकांच्या गोठ्यामागे गेले. त्यांचा ट्रॅक्टर आमच्या ट्रॅक्टरच्याच कंपनीचा आणि त्याच्याच वयाचा. चावी घातली. फिरवली.

लाल दिवा लागला!

साहेबांचं खरं होतं! मी “काका!” म्हणून अशी किंचाळले की काका अर्धी दाढी करून बाहेर आले. लाल दिवा बघून त्यांची उरलेली अर्धी दाढी पांढरी पडली.

“म्हणजे तुमच्या चावीने माझा...”

“आणि तुमच्या चावीने आमचा!” मी म्हटलं.

एका गालाला फेस तसाच ठेवून काका विचार करत आत गेले.

संध्याकाळी जेवताना मी आमच्या घरातही भाषण ठोकलं. साहेबांचं सगळं सांगितलं, लाल दिव्याचं सांगितलं, ‘ज्याने केलं त्यालाच ठाऊक’ हे तर दोनदा सांगितलं. वक्तृत्वात शिकवतात ना, महत्त्वाचं वाक्य दोनदा घ्यावं, तसं.

बाबा हसले. “आपला ट्रॅक्टर कोण नेतोय! चोर दमेल, ट्रॅक्टर नाही हलायचा.”

“नेला तर पंप कशावर चालणार? कपाशीला पाणी काय ओंजळीने घालणार?” आई म्हणाली.

आजोबा ताटातला शेवटचा घास फार वेळ चावत होते, एवढं मात्र मला आठवतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं!

मी माझी युक्ती केली. गोठ्याच्या कोपऱ्यात दुधाचा एक जुना कॅन कित्येक दिवस नुसता पडून होता. त्याच्या बुडाखाली मी चिकटपट्टीने चावी चिकटवली, चार वेढे दिले आणि कॅन होता तसा ठेवला. कुठल्या चोराच्या बापाला सुचेल? त्या रात्री मी इतकी शांत झोपले की सकाळी आईने पाय ओढून उठवलं.

आता रविवार. सकाळचे सात. दूधगाडीवाले काका धापा टाकत अंगणात आले. एक चप्पल पायात, एक हातात, गुडघ्यापर्यंत चिखल.

“दादा, ट्रॅक्टर काढा! गाडी रुतली!”

झालं होतं असं, की आमच्या वाटेवर पाण्याचा पाइप फुटला होता आणि वळणावर चिखलाचं तळं साचलं होतं. दूधगाडी रोज आमच्या घरापासून सुरुवात करते, सगळ्या वस्तीचं दूध घेते आणि परत आमच्याच वाटेने मोठ्या रस्त्याला लागते. येताना रिकामी होती, निसटली. जाताना चाळीस भरलेले कॅन घेऊन बसली ती बसलीच, मांडी घालून!

“साडेआठला डेअरी दूध घ्यायचं बंद करते,” काका हातातली चप्पल झटकत म्हणाले. “या महिन्यात दोनदा उशीर झालाय दादा. तिसऱ्यांदा झाला तर ही फेरी दुसऱ्याला देणार, सरळ सांगितलंय त्यांनी.”

“हात्तिच्या! पाच मिनिटांत ओढतो,” बाबा म्हणाले आणि ट्रॅक्टरकडे निघाले. मागोमाग काका, आई, आजोबा आणि मी.

पुढच्या चाकातून साखळी गेली होती. जाडजूड! ती मागच्या झाडाला तीन वेढे घालून नारळाएवढ्या कुलपात बंद होती.

“हे कुणी केलं?” बाबा ओरडले.

आई पदराचं टोक बघायला लागली. “ज्याने केलं त्यालाच ठाऊक, असं ठरलं होतं ना?”

“अगं पण आता सांग की!”

“मी केलं. किल्ली डाळीच्या डब्यात आहे.”

“कुठल्या डाळीच्या?”

“तेच आठवत नाहीये. धावा!”

मी धावले. चार डबे पालथे घातले, तेव्हा मसुरीत किल्ली सापडली. साखळी निघाली. बाबा टुणकन सीटवर चढले, हात सवयीने स्विचकडे गेला आणि तिथेच थांबला.

“चावी कुठाय?”

आता माझी पाळी. मी अगदी ऐटीत म्हटलं, “आणते!” आणि गोठ्यात गेले. कोपरा बघितला. कोपरा होता. कॅन नव्हता!

“आई! इथला जुना कॅन?”

“आपल्या कॅनचा कान सकाळीच तुटला. मग तोच आतून घासून त्यात दूध भरून दिलं. का गं?”

चावी दूधगाडीत होती. म्हणजे रुतलेली गाडी काढायला लागणारी चावी रुतलेल्या गाडीतच! आणि आमचं घर पहिलं, म्हणजे आमचा कॅन सगळ्यांत आत, एकोणचाळीस कॅनांच्या मागे!

मी परत आले आणि वक्तृत्व स्पर्धेतल्या दुसऱ्या नंबरच्या मुलीला शोभणार नाही अशा आवाजात हे सांगितलं. उत्तरादाखल गाय तेवढी हंबरली.

“घाबरू नका!” बाबांना एकदम सुचलं. “हीच म्हणाली ना, शेजारची चावी आपल्याला लागते! जा, पळ!”

मी पळाले. शेजारचे काका ओट्यावर निवांत बसले होते, दोन्ही गाल गुळगुळीत.

“काका, चावी द्या! नाहीतर ट्रॅक्टरच द्या!”

“अगं, कालच संध्याकाळी वर्कशॉपला सोडला. नवीन स्विच बसवायला. जुनी चावी त्यातच आहे.” आणि वर कौतुकाने माझी पाठ थोपटली. “तू सांगितलंस म्हणून बरं! नाहीतर मी असाच गाफील राहिलो असतो.”

सात वाजून पंचवीस मिनिटं. बाबा डोकं धरून उभे होते. “नुसत्या वायरी जोडून चालू करतात म्हणे. तुला येतं?” त्यांनी दूधगाडीवाल्या काकांना विचारलं.

“मी सरळ माणूस आहे दादा!”

“आत्ता एखादा चोर हवा होता!” बाबा कळवळून म्हणाले.

चोर नव्हता. मग कॅन उतरवायला गेलो. मी, आई, दूधगाडीवाले काका, शेजारचे काका आणि वाटेत भेटलेल्या दोन मावश्या. चावी येताच निघता यावं म्हणून बाबा तेवढे आजोबांबरोबर ट्रॅक्टरपाशी थांबले. कॅन उतरवायचा, चिखलातून दोघांनी धरून न्यायचा, पलीकडच्या कोरड्या वाटेवर ठेवायचा. दहा झाले. वीस झाले. माझे हात लांबून गुडघ्याला लागतात की काय असं वाटायला लागलं.

“चावी ठेवायला तुला दुसरी जागा नाही मिळाली?” एक मावशी म्हणाली.

“चोराला सापडू नये म्हणून, मावशी.”

“चोराचं राहू दे, आम्हाला सापडली पाहिजे ना!”

चाळिसावा कॅन. मी चिखलात गुडघे टेकून बुडाखाली हात घातला. चिकटपट्टी! चावी! मी ती काढून अशी उंच धरली, जणू पहिला नंबर आला! सात पन्नास! मी सुसाट पळत जाऊन ती बाबांच्या हातात दिली. आई माझ्यामागे धापा टाकत आली. बाबांनी चावी घातली, फिरवली.

काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही. मेलेल्या म्हशीसारखा ट्रॅक्टर!

आजोबा खाकरले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सावकाश एक पाना काढला.

“बॅटरीची वायर मी सोडवून ठेवलीय.”

“अहो, तुम्ही मघापासून इथेच उभे आहात!” बाबा जवळजवळ रडत होते.

“मला कुणी विचारलं? सगळे कॅन कॅन करत होतात.”

वायर जोडली. चावी फिरवली. आता मात्र ट्रॅक्टर घरघरला. घर्र घर्र घर्र... पण चालू होईना. पुन्हा घर्र घर्र... नाहीच! बाबा आमच्यावर ओळीने बरसले. “अजून कुणी काय केलंय? आत्ताच सांगा! घर आहे का काय हे! मालकालाच ट्रॅक्टर...”

आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. मग ते वाकले, टाकीखाली हात घातला आणि कसलातरी कॉक फिरवला.

“डिझेल बंद केलं होतं,” ते जमिनीकडे बघत म्हणाले.

“कुणी?” आईने गोड आवाजात विचारलं.

“मीच. काल जेवण झाल्यावर.”

आईने नुसतं ‘अच्छा’ म्हटलं. पण काय ‘अच्छा’ होतं ते!

तरीही ट्रॅक्टर चालू होईना, कारण आता पाइपात हवा धरली होती. आणि इथे मी सगळं विसरले. खरंच सांगते, उशीर, चिखल, सगळं! आजोबांनी माझ्या हातात पाना दिला आणि एक छोटासा स्क्रू दाखवला. “सैल कर. हळू.” बाबांनी पंपाचा दट्ट्या दाबला आणि त्या स्क्रूच्या कडेने डिझेलचे बुडबुडे यायला लागले, फुस्स फुस्स!

“ही हवा आत आली कुठून? डिझेल बंद होतं तर हवा कशी शिरली? आणि एवढ्याशा हवेने एवढं मोठं इंजिन कसं अडतं?” मी विचारतच सुटले.

“आधी बुडबुडे संपू दे,” आजोबा म्हणाले. “हं. आता नुसतं डिझेल आलं. आवळ!”

मी आवळलं. बाबांनी चावी फिरवली आणि ट्रॅक्टर असा गरजला की कोंबड्या छपरावर गेल्या! मी आवळलेल्या स्क्रूवर तो चालला होता! मी! आम्ही सगळे चढलो, मडगार्डवर मी आणि आई, मागे आजोबा दोर घेऊन, आणि फर्लांगभर वाट धडधडत गाठली.

वळणावर चिखल होता. गाडी नव्हती.

शेजारचे काका ओल्या धोतराचा सोगा पिळत उभे होते. “अहो, चाळीस कॅन उतरवल्यावर ती हलकी नाही का झाली! वाटेने आणखी दोघं आले, आम्ही पाच जणांनी ढकलली, निघाली बाहेर. कॅन परत चढवले आणि गेला तो. सव्वाआठला पोचतो म्हणाला.” मग त्यांनी आमच्याकडे, दोराकडे आणि धुराकडे बघितलं. “तुम्ही कुठे निघालात?”

बाबांनी ट्रॅक्टर वळवला.

दूध वेळेवर पोचलं. काकांची फेरी वाचली. फक्त डेअरीत अंगावरच्या चिखलाचं कारण सांगताना त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, अगदी मसुरीच्या डाळीसकट! राहिलेलं शेजारच्या काकांनी आजोबांकडून काढून घेतलं. दुपारपर्यंत आमच्या ट्रॅक्टरचे चारही बंदोबस्त सगळ्या वस्तीला पाठ झाले होते. दोन जण तर मुद्दाम कॉक बघायला आले.

संध्याकाळी आई आणि बाबा समोरासमोर बसले होते. चहा गार होत होता आणि चेहरे गंभीर. मी ओळखलं, आता माझ्यावर येणार. त्याआधी आपणच बोललेलं बरं. मी दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. नखांत अजून डिझेल होतं, ते मी मुद्दाम धुतलं नव्हतं.

“आई, बाबा, मी ठरवलंय. कुलूप नको, साखळी नको, काही नको. पुढच्या रविवारपासून मी ट्रॅक्टर चालवायला शिकणार. एकदा का मी तो चालवायला लागले ना, की चोरच काय, कुणीसुद्धा त्याच्या आसपास फिरकणार नाही!”